परीक्षा पास झाली, पण पोस्टिंगचं काय?

सरकारी नेमणुकांमधला राजकीय हस्तक्षेप म्हटलं की आपण लगेच भरतीवर येतो, पेपर फुटला का, मुलाखतीत कुणाला मार्क वाढवले, वशिला कुणाचा. ते महत्त्वाचं आहेच, 2024 ला बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांमधल्या कोट्यावरून पोरं रस्त्यावर उतरली आणि त्यातून शेवटी सरकारच गेलं. पण मला वाटतं खरा खेळ नोकरी लागल्यानंतर सुरू होतो, बदलीत.

कारण अधिकाऱ्याला काढून टाकणं अवघड असतं. भारतात तर घटनेच्या कलम 311 मुळे सहसा चौकशीशिवाय बडतर्फ करताच येत नाही. मग काय करायचं, नोकरीला हात न लावता खुर्ची बदलायची. टेंडरच्या फाइलवर त्याने शेरा मारला "नियमात बसत नाही", संध्याकाळी वरून फोन, आठवड्यात बदलीची ऑर्डर. पगार तोच, हुद्दा तोच, फक्त आता अशा ठिकाणी जिथे दिवसभर टेबलावर एक फाइल येत नाही. तक्रार तरी कुठे करणार, बदली म्हणजे शिक्षा नाही असंच कागदावर म्हणतात! आणि हे सगळं ऑफिसातले बाकीचे बघत असतात, त्याच्या जागी आलेला माणूस तोच शेरा लिहायला घेतो आणि पेन खाली ठेवतो.

याचा फटका लोकांना कसा बसतो ते ब्राझीलमधे मोजलं गेलंय. तिथे निवडणुकीत पालिकेतली सत्ता बदलली की शाळांचे मुख्याध्यापक आणि शिक्षकसुद्धा मोठ्या संख्येने बदलतात, अभ्यासकांनी निसटत्या फरकाने निकाल लागलेल्या पालिका घेऊन तुलना केली तर जिथे पक्ष बदलला तिथे पोरांचे मार्क घसरलेले निघाले. त्या पोरांचा पक्षाशी काय संबंध होता?

गरीब देशांचं असंच चालायचं, हे ऐकलं की मला राग येतो. अमेरिकेत पक्षाच्या कार्यकर्त्यांना नोकऱ्या वाटायची पद्धतच होती, 1881 ला पद न मिळालेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळी घातली, मग 1883 ला परीक्षेने भरतीचा कायदा आला आणि तोही सुरुवातीला जेमतेम दहा टक्के केंद्रीय नोकऱ्यांना लागू होता, बाकीच्यांना पुढे कित्येक वर्षं लागली.

निवडून आलेल्या मंत्र्याला आपल्या विश्वासातला सचिव हवा असतो, ते मला पटतं. पण म्हणून मुख्याध्यापक, इंजिनिअर, सरकारी डॉक्टर पण त्याच्याच मर्जीतले? 2013 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अधिकाऱ्यांना एका जागी ठराविक मुदत द्या, बदल्यांची शिफारस करायला मंडळ नेमा आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद ठेवा. माझी मागणी त्यात फक्त एका ओळीची आहे, मुदतीआधी बदली केली तर कारण ऑर्डरवरच लिहा आणि ती ऑर्डर कुणालाही वाचता येऊ द्या.