किटलीचं काय चाललंय?

व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराची सूर्यफुलं कॅलेंडरवर, मगवर, अगदी उशीच्या अभ्र्यावरही भेटतात. त्याचे ‘बटाटे खाणारे’ मात्र उशीवर छापलेले मी तरी पाहिले नाहीत. बरंच आहे म्हणा. त्या पाच जणांवर डोकं टेकून झोप लागायची नाही.

1885 सालचं हे चित्र. हॉलंडच्या दक्षिणेकडचं न्यूनन गाव, तिथल्या द ग्रूट कुटुंबाचं झोपडं, वर टांगलेला एक दिवा आणि मधोमध बटाट्यांचं एकच ताट. ज्याने त्याने आपला काटा त्यातच घालायचा. ज्या हातांनी ही माणसं खातात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, असं व्हिन्सेंटने थिओला, म्हणजे धाकट्या भावाला, लिहिलं. रंगही तसाच लावला: मातीने माखलेल्या, अर्थातच न सोललेल्या बटाट्याचा. हे ‘अर्थातच’ त्याचंच.

चित्राची शिळाछाप प्रत त्याने अँथन व्हान रापार्ड या चित्रकार मित्राला पाठवली. रापार्ड शिकलेला, नेटका माणूस. त्याने पत्रातून सालटंच काढली. उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं का नाहीत? त्याचा हात एवढा आखूड का? आणि त्या किटलीचं काय चाललंय? ती धड ठेवलेली नाही, धड धरलेलीही नाही! व्हिन्सेंटने दोन ओळी खरडून पत्र साभार परत केलं. पुढे मैत्रीही टिकली नाही.

खरं सांगायचं तर रापार्डची नजर चुकीची नव्हती. पण कॉफी ओतणाऱ्या त्या बाईकडे मी जरा जास्त वेळ बघतो. डावीकडच्या दोघांचे काटे ताटात पोचलेत, शेजारचा म्हातारा कप धरून बसलाय, आणि ही मान खाली घालून ओततेय. दिवसभर राबून आल्यावर रोज पाच जणांचे कप भरणारी बाई किटली कशी धरते, हे चित्रकलेच्या वर्गात कुठून कळणार?

दोन वर्षांनी व्हिन्सेंट पॅरिसला होता, त्याचे रंग उजळले होते. तरी आपलं सगळ्यात चांगलं चित्र हेच, असं त्याने बहिणीला कळवलं. थिओने तर ते पॅरिसच्या घरी जेवायच्या खोलीतच लावलं होतं. त्या भिंतीसमोर बसून ताटात काही टाकायची हिंमत पाहुण्यांना कशी होत असेल, कोण जाणे.