काकडीचा घोडा आणि बाबांचे खिळे

गेल्या महिन्यात, १६ ऑगस्टला, क्योतोमध्ये एका लाकडाच्या पट्टीवर मी बाबांचं नाव लिहिलं. देवनागरीत, ब्रशने, जमेल तितकं सरळ. त्याच रात्री ती पट्टी डोंगरावर जळाली.

बाबांना जाऊन साडेसहा वर्षं झाली. २०१९च्या फेब्रुवारीत दादाचा फोन आला तेव्हा मला नववा महिना लागला होता. विमानात बसायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वाईला दादाने अग्नी दिला, ते मी इथे तोक्योत ओट्याला टेकून फोनवर ऐकलं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. ज्याला जे सुचलं ते त्याने सांगून पाहिलं. आईला अंतर देणार नाही. घर विकणार नाही. पुतण्याला शिकवू. दीड तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. दादाने हे मला तेव्हा कळू दिलं नाही. मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. त्या दिवसापासून मनात एकच घोळत राहिलं, त्या दीड तासात माझं नाव कोणी घेतलं होतं का? "पोरीची काळजी नको, ती सुखरूप सुटेल," असं कोणी म्हणालं होतं का? दादाला विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

इथे कावळे चिक्कार आहेत. आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा आकाराने दांडगे, चोच जाड, काळेभोर. सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी टाकावी लागते, नाहीतर सगळा रस्ता भरून ठेवतात. लोक त्यांच्यावर वैतागलेले असतात. मी मात्र इतक्या वर्षांत एकदाही कावळ्याला हाकललेलं नाही. आजीचं बघून बघून तसं झालं असणार. आमची आजी रोज पहिली पोळी कौलावर ठेवायची आणि कावळा आला की त्याच्याशी गावातल्या बातम्या बोलायची. पितृपक्षात तर तिचा थाटच वेगळा. गव्हल्यांची खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा, कारलं, अळूचं फदफदं, आणि पानावर काय कुठे वाढायचं याचा तिचा हुकूम. ती गेली तेव्हा मी दहावीत होते. तिचं पान पहिल्यांदा वाढलं त्या दिवशी आईने मीठ डावीकडे वाढलं का उजवीकडे, हे बाबांनी तीन वेळा बघितलं होतं. एरवी त्यांचं पानाकडे लक्षही नसायचं.

आमच्या इमारतीला लागून एक जुनं लाकडी घर आहे. तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. मुलगी झाली त्या वर्षी, जुलैच्या तेराव्या तारखेला, त्या दारात बसून काकडीला काड्या टोचत होत्या. मी बाळाला घेऊन फाटकाशी थांबले. काकडीला चार पाय झाले, मग वांग्याला चार. काकडीचा घोडा, वांग्याची गाय. त्या म्हणाल्या, येताना घोड्यावरून येतात, म्हणजे लवकर पोचतील. जाताना गाईवरून, म्हणजे सावकाश जातील.

हे ओबोन. गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात ते दिवस. जपानात बहुतेक ठिकाणी ते १३ ते १६ ऑगस्टला पाळतात. जपानने १८७३ मध्ये नवं कॅलेंडर घेतलं, तेव्हापासून तोक्योत ते जुलैतच येतात. ओकिनावात अजून चांद्रतिथीच धरतात. उराबोन हे मूळ नाव, आणि ते संस्कृत 'उल्लंबन'वरून आलं असं परंपरेने सांगतात. कथा आपल्याच मातीतली आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, इथे त्याला मोकुरेन म्हणतात. त्याला आपली आई प्रेतयोनीत भुकेलेली दिसली. त्याने अन्न दिलं तर ओठांपाशी येताच त्याची आग होई. बुद्धाने सांगितलं, वर्षावास संपेल त्या दिवशी, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, भिक्षूंना जेवू घाल, तिला ते पोचेल. आईच्या भुकेसाठी वणवण करणाऱ्या मुलाची ही गोष्ट चीनमार्गे सातव्या शतकात इथे पोचली आणि राहिली.

शेजारच्या आजींनी त्या संध्याकाळी दारात मातीच्या पसरट खापरावर अंबाडीसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या काड्या पेटवल्या. सोललेल्या भांगेच्या देठांच्या काड्या असतात त्या, ओगारा म्हणतात. हा बोलावण्याचा विस्तव. त्या आगीवरून त्या तीनदा ओलांडून गेल्या, माझ्या हाताला धरून, कारण गुडघे दुखतात. आत देव्हाऱ्यासारखं काळं लाकडी कपाट, त्याला बुत्सुदान म्हणतात. त्यात यजमानांची नावपट्टी, इहाई. पुढे होओझुकीची डहाळी, नारिंगी कंदिलासारख्या फळांची. आपल्याकडे पाचगणीच्या वाटेवर कागदी आवरणातली पिवळी रासबेरी विकतात ना, त्याच जातकुळीतलं झाड. येणाऱ्याला अंधारात वाट दिसावी म्हणून हे कंदील. आणि कमळाच्या पानावर धुतलेले तांदूळ, त्यात काकडी-वांग्याच्या बारीक फोडी. ते पान बघून मला गलबलून आलं. इतका वेळ मी पाहुणी होते, त्या पानाने मला घरात घेतलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घोडे दोन आहेत. एक नेहमीच्या काकडीचा, एक करंगळीएवढ्या कोवळ्या काकडीचा.

लहान घोडा त्यांच्या ताईचा. ९ मार्च १९४५ची रात्र उलटत असताना तोक्योच्या या पूर्वेकडच्या वस्त्यांवर आगीचे बॉम्ब पडले, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. आजी चार वर्षांच्या होत्या, आईच्या पाठीवर बांधलेल्या. ताई सात वर्षांची, हात धरून पळत होती. कुठेतरी हात सुटला. सापडलं काहीच नाही. सुमिदा भागातल्या योकोआमिचो बागेत एक स्मृतिमंदिर आहे, त्यात १९२३च्या भूकंपातल्या ५८ हजार माणसांच्या आणि या बॉम्बहल्ल्यांतल्या १ लाख ५ हजार माणसांच्या अस्थी एकत्र ठेवल्या आहेत. आजी दर १० मार्चला तिथे जातात. ताई तिथे असेलही, त्या म्हणतात, आणि नसेलही. "पण सात वर्षांच्या मुलीला मोठ्या घोड्यावर चढता यायचं नाही ना." ऐंशी वर्षं हा घोडा लहानच राहिला आहे. धाकटी बहीण पणजी होऊन गेली आणि थोरलीसाठी अजून करंगळीएवढी काकडी शोधते.

मी त्यांना बाबांचं सांगितलं ते त्याच वर्षी. माझं जपानी त्या विषयाला अपुरं पडलं, म्हणून वर जाऊन खिळे घेऊन आले.

बाबा वाईला छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या ठशांचा, काळ तो. लाकडी केसमध्ये अक्षरांची घरं, देवनागरीला अशी शेकडो घरं लागतात, कारण काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खिळा निराळा. बाबांचा हात न बघता घरात जायचा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी, उजव्या हाताची बोटं कोंबडीसारखी टिपत असायची. उलट्या आरशातली अक्षरं ते आपण पेपर वाचतो तशी वाचायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानाची पत्रकं, आणि कोणी गेलं की दहाव्या-तेराव्याची कार्डं. ती कार्डं त्यांनी कधी दुसऱ्याला जुळवू दिली नाहीत. नावात एक वेलांटी चुकली तर घरच्यांना जन्मभर लागते, म्हणायचे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले, खिळे वजनावर विकले गेले. शेवटच्या दिवशी मालकांना विचारून बाबांनी माझ्या आणि दादाच्या नावांचे खिळे रुमालात बांधून आणले. माझे तीन. मी जपानला निघाले तेव्हा ते माझ्या पर्समध्ये सरकवले. "अठ्ठेचाळीस पॉइंटाचे आहेत, हरवायचे नाहीत इतके मोठे," एवढंच बोलले.

शेजारच्या आजींनी ते तळहातावर घेऊन वजन पाहिलं, बोट फिरवलं आणि काही न विचारता बुत्सुदानात, यजमानांच्या नावपट्टीशेजारी, तीन दिवस ठेवून दिले. सोळाव्या तारखेला निरोपाचा विस्तव विझल्यावर परत दिले. खिळ्यांवर अक्षरं माझ्या नावाची, आणि ती तिथे बाबा म्हणून बसली होती. तेव्हापासून दर जुलैला ते तिथे जातात. बाबांसाठी तिसरा घोडाही असतो.

त्यांच्यासोबत कबरस्तानात जायला लागले तशी मला तिथलीही ओळख झाली. लोक दगड धुतात, ओगराळ्याने पाणी घालतात, उदबत्ती लावतात, गेलेल्याला आवडायचं ते ठेवतात, आणि हात जोडून झाले की ते खाणं उचलून परत नेतात. फाटकावर पाटीच आहे, वाहिलेले पदार्थ घरी न्या, कावळे पसारा करतात. मी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नाही. घाटावर दीड तास हात जोडून ज्याची वाट पाहिली, तो इथे नको म्हणून पाटी. वर तारेवर दोघे बसलेही होते.

कबरींच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात. सोतोबा, म्हणजे स्तूप. त्यांवर काळ्या शाईने लिहिलेली अक्षरं जपानी नव्हती. ओळखीची वाटत होती आणि वाचता येत नव्हती. आजींच्या देवळातल्या भिक्षूंनी एकेकावर बोट ठेवून म्हणून दाखवलं. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. ही सिद्धम् लिपी, आपल्या नागरीची जवळची नातलग. नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई नावाचे भिक्षू चीनला जाऊन ती शिकून आले, आणि तेव्हापासून इथे ती पवित्र अक्षरं म्हणून जपली गेली. इथे त्यांना बोन्जी म्हणतात, ब्रह्माची अक्षरं. आपण मराठीत म्हणतो, पंचत्वात विलीन झाले. ते मी आजवर वर्तमानपत्रातली भाषा म्हणून वाचत आले होते. तोक्योच्या एका कबरस्तानात ती पाच अक्षरं एकाखाली एक जुळवलेली दिसली. बाबा असते तर जवळ जाऊन आधी त्या 'ह'चं वळण न्याहाळलं असतं.

यंदा मुलीला सुट्टी होती म्हणून ऑगस्टमध्ये क्योतोला गेलो. तिथला निरोपाचा विस्तव डोंगरांवर पेटतो. १६ तारखेला रात्री आठला पूर्वेच्या डोंगरावर 'दाई' हे अक्षर, मग पाच-पाच मिनिटांच्या अंतराने बाकीच्या डोंगरांवर 'म्यो' आणि 'हो' ही अक्षरं, होडीचा आकार, पुन्हा एक 'दाई' आणि शेवटी तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान. 'दाई' म्हणजे मोठा. त्याच्या तीन रेघा, ८०, १६० आणि १२० मीटर लांबीच्या, ७५ होळ्या रचून केलेल्या. त्यांत घालायची लाकडं सकाळी गिंकाकुजी देवळासमोर मिळतात. गोमागी म्हणतात त्यांना. 'गोमा' म्हणजे आपला होम, शब्दही तोच, तोंडं बदलत आला. त्यांवर कोणी आजारी माणसाचं नाव लिहितं, कोणी गेलेल्याचं.

मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. प्रत्येक वेलांटी बघून. मग खाली लहान अक्षरांत लिहिलं, "मी सुखरूप सुटले. मुलगी झाली. तिला तुमचे खिळे ओळखता येतात." टेबलामागच्या वयस्कर स्वयंसेवकांनी पट्टी घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "बोन्जी?" मी म्हटलं, माझ्या वडिलांची अक्षरं. त्यांनी दोन्ही हातांनी ती इतर पट्ट्यांवर ठेवली.

रात्री कामो नदीच्या काठावर माणूस मावत नव्हता. आठ वाजता मधोमध एक ठिणगी दिसली, मग रेघ, मग अख्खं अक्षर काळ्या डोंगरावर उमटलं. आजूबाजूची गर्दी एकदम गप्प झाली. पुष्कळांनी हात जोडले. मुलगी खांद्यावर होती, तिनेही जोडले. आईला व्हिडिओ कॉल लावला होता. वाईला साडेचारचा चहा झालेला, ती चष्मा पुसून बघत होती.

"किती मोठं आहे गं ते?"

"सगळ्या शहरातून दिसतं, आई."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यांनी पहिलं विचारलं असतं, किती पॉइंटाचं."

मुलीला ऐकू गेलं. आजोबांचा पॉइंट म्हणजे काय, ते तिला सांगायला सुरुवात केली तोवर डाव्या हाताच्या डोंगरावर पुढचं अक्षर पेटलं होतं.