तिकडे पार्लर नसतात का?

असतात. ह्यूस्टनच्या पश्चिमेला आम्ही राहतो, तिथे एका चौकात तीन आहेत. दर डिसेंबरला नाशिकला आले की तुम्ही सगळ्याजणी विचारता, की बॅगा उघडायच्या आधी ही इंदिरानगरला पार्लरमध्ये कशी पोचते. मोठी काकू जरा टोचून विचारते, "डॉलरमध्ये कमावता, आणि आयब्रो करायला नाशिक?" दर वेळी मी "महाग असतं गं" म्हणून विषय बदलते. ते खरं आहे, पण तेवढंच नाही.

पैशांचं आधी सांगते. २०१६ साली इंदिरानगरच्या पार्लरवाल्या ताई आयब्रोचे ३० रुपये घ्यायच्या. तिथे १२ डॉलर, वर पंधरा-वीस टक्के टिप, आणि टिप न देणं अगदीच वाईट दिसतं. म्हणजे साडेनऊशे रुपये. आणि काकू "कमावता" म्हणते त्यात मी नव्हतेच. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, मला नोकरीची परवानगी नव्हती, कार्ड नवऱ्याच्या खात्याचं होतं. त्यानं एकदाही हिशोब विचारला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तुमचा संशय लगेच त्याच्यावर जाईल. पण दर पंधरा दिवसांनी स्टेटमेंटवर तीच ओळ दिसणार, हे मला नको होतं. कारण माझं काम आयब्रोचं नव्हतं. हनुवटीचं होतं.

एकोणिसाव्या वर्षी पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, निघालं, तेव्हापासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जाड काळे केस येतात. दहा-बारा दिवसांत पुन्हा. आयब्रो झाले की ताई खुर्ची मागे करायच्या आणि "मान वर" एवढंच म्हणायच्या. नऊ वर्षं आमच्यात त्या कामाला नाव नव्हतं. तिकडे पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मुलीनं, मागे लोक उभे असताना, मोठ्यानं विचारलं, हनुवटीसुद्धा का? तिचं चुकलं नाही. प्रत्येक भागाचा दर वेगळा, तो आधी ठरवावाच लागतो. पण मी "नाही, फक्त आयब्रो" म्हणाले, आणि घरी येऊन चिमट्यानं एकेक केस उपटत बसले.

हिलक्रॉफ्टला आपल्या बायका आहेत हे मला ठाऊक होतं. महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात त्या भागाला. तिथल्या एका गुजराती मावशी ८ डॉलरमध्ये करायच्या. टेक्ससमध्ये नुसता धागा चालवायलाही ७५० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं, ते धागेवाल्यांनी कोर्टात लढून २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून रद्द करून घेतलं, हे त्यांनीच मला केस काढता काढता सांगितलं, अगदी अभिमानानं. पण घरापासून गाडीनं पाऊण तास, बस नाही, आणि मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे शनिवारी नवऱ्यानं मला न्यायचं आणि बाहेर थांबायचं. ने म्हटलं असतं तर नेलं असतं. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा तोंडातून निघालं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मग लेझर.

२०१७ सालचा मार्च. हनुवटी आणि अपर लिप, सहा सिटिंग, १९९ डॉलर, असं कूपन आलं. मला वाटलं, ओळ एकदाच दिसेल आणि विषय कायमचा संपेल. फॉर्मवर त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार होते, अगदी गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. मी चौथ्यावर खूण केली. तो फॉर्म कुणी वाचला का, देव जाणे. पहिल्या वेळी रबरबँड मारल्यासारखं लागलं, दोन आठवड्यांत केस गळाले, आणि मी आरशासमोर रडले, आनंदानं. दुसऱ्या वेळी ती मुलगी म्हणाली, मागे तुला सोसलं, आज थोडं वाढवते. मी हो म्हणाले.

तिसऱ्या-चौथ्या चटक्याला कळलं की हे वेगळं आहे. केस जळल्याचा वास पहिल्या वेळीही आला होता, म्हणून वासाकडे लक्ष दिलं नाही. डोळ्यांवर काळा गॉगल, दोन्ही मुठींत खुर्चीचे हात. थांब म्हणायचं होतं. मी मोजत होते, दोन झाली, चार राहिली, पैसे भरलेत. रात्रभर बर्फ लावला. सकाळी जबड्याच्या कडेनं नखाएवढे गोल चट्टे, एकाला लागून एक, मशीनच्या तोंडाच्या मापाचे. तिसऱ्या दिवशी खपल्या. फोन केला तर उत्तर आलं, कधीकधी होतं असं, कोरफडीचं जेल लावा, आणि तुम्ही सही केली आहे.

डॉक्टरांनी आधी विचारलं, मशीन कुठलं होतं? मला माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं, की लेझर केसातल्या मेलॅनिनवर चालतो, आणि सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर असतं. गोऱ्या कातडीवर सर्रास वापरतात तो ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण आपल्या वरच्या थरातच बराचसा शोषला जातो आणि कातडी भाजू शकते. आपल्याला १०६४चा त्यातल्या त्यात सुरक्षित, तो वर कमी शोषला जाऊन खोल जातो. शिवाय पीसीओएस असेल तर नवे केस येत राहतात, सहा सिटिंगमध्ये ते संपणारच नव्हतं. डॉक्टरांची फी कूपनपेक्षा जास्त झाली. तीही स्टेटमेंटवर आलीच.

आज मी त्या खुर्चीतल्या माझ्यावर चिडते, अगं, थांब म्हण ना. आणि ती म्हणते, मग हिलक्रॉफ्टला ने म्हणून तू का नाही म्हणालीस? दोघींपैकी कुणाचं बरोबर, ते ठरत नाही.

डाग चौदा महिने राहिले. त्यातच धाकट्याचं लग्न आलं. ताईंनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, थोडा वेळ तशीच धरली. मग चट्टे सोडून, फक्त चांगल्या कातडीवर धागा चालवला. नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. पैसे नेहमीचेच घेतले.

याला मी परवडणारं म्हणते, आणि म्हणताना आता अडखळते. ताईंनी गेल्या वर्षी १० रुपये वाढवले तेव्हा आपल्याच कॉलनीतल्या बायका कुरकुरल्या. मी जास्त दिले तर परत करतात. तिथले १२ डॉलर जास्त होते, की इथले ३० रुपये कमी होते? मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय.

ताईंची लेक ऑगस्टमध्ये एमएसला डॅलसला चाललीये. स्वस्त कुठे मिळेल, असं तिनं विचारलं. मी तिला एका चिठ्ठीवर १०६४ लिहून दिलं आणि म्हटलं, केस काढायचा विषय निघाला तर आधी हे विचार. आणि गाडी शिक.

आई, तुला मी तेव्हा उन्हाचे डाग म्हणून सांगितलं होतं. तू पार्लरमध्ये जाऊन त्यांनाही विचारलंस, आणि त्याही "ऊनच असेल" म्हणाल्या. त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. त्यांना बोल लावू नकोस.