शिसवी कपाट म्हापशाहून पुण्याला: गाडी कोणती घ्यावी

म्हापशाच्या घरातलं आजीचं शिसवी सामान पुण्याला न्यायचं ठरलं, तेव्हा फोनवर प्रत्येक गाडीवाल्याचा पहिला प्रश्न एकच: "किती टन?" फर्निचरला हा हिशेब चालत नाही. ते वजनापेक्षा जागा जास्त खातं. आधी सगळ्यात लांब आणि सगळ्यात उंच वस्तू मोजा. आमच्या पलंगाच्या बाजूच्या फळ्या साडेसहा फुटी, कपाट मुकुटासकट साडेसात. छोट्या हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) हौदा जेमतेम सात फुटांचा, म्हणजे तो म्हापसा-पर्वरीसारख्या जवळच्या फेरीपुरता ठीक. बोलेरो पिकअपमध्ये लांबी बसते, पण हौदा उघडा, आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री वाटभर पॉलिश घासत राहते. शेवटी चौदा फुटी बंद बॉडीची आयशर घेतली.

गोव्यात माल उतरवून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं. फक्त भाजीची गाडी नको, तिचा हौदा ओला असतो. चतुर्थीच्या तोंडावर तर विचारूच नका.

वाट पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, संकेश्वर आणि पुढे कोल्हापूरचा हायवे. मध्ये कर्नाटक लागतं, म्हणून नॅशनल परमिट आधी बघून घ्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) लागत नाही, तरी वस्तूंची सही केलेली यादी ड्रायव्हरकडे द्या. नवं फर्निचर पन्नास हजारांच्या वरचं असेल तर ई-वे बिल हवंच. गाडीच्या विम्यात आपला माल येत नाही, तो वेगळा उतरवावा लागतो.

भरताना हमालांना घाई असते, तुम्ही करू नका. मुकुट आणि खण काढा, आरसा सुटा करून उभा ठेवा. लाकडाला आधी जुनी सुती चादर, त्यावर प्लास्टिक. दमट हवेत नुसतं प्लास्टिक पॉलिशला चिकटतं. जड कपाट केबिनला टेकवून, वेताच्या खुर्च्या सगळ्यांत वर. दोर आंबोलीच्या वळणांवर सैल पडतात, पट्टे घ्या. घाट चढल्यावर एकदा फाळका उघडून बघाच. आमचा एक पट्टा तिथे चांगलाच ढिला झाला होता.

दुपारी निघालात तर धुक्याआधी आंबोली पार होते आणि पहाटे पुण्यात पोहोचता. दिवसा पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर मोठ्या गाड्यांना बंदी असते, आणि सोसायटीची लिफ्ट मोजायला कुणाला तरी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.