ओन्ताची माती ओढा कांडतो

बसमधून उतरले आणि आधी करकर ऐकू आली, मग जमिनीतून यावा तसा 'धप्प'. थोडं थांबून पुन्हा करकर, पुन्हा धप्प. जपानच्या क्यूशू बेटावर, हिता शहरापासून डोंगरात आत सारायामा नावाची कुंभारांची वस्ती आहे. इथल्या भांड्यांना 'ओन्ता' म्हणतात. ती बघायला आले होते, पण पहिला तास ओढ्याकाठीच गेला.

ओढ्यावर जाड ओंडके आडवे टांगलेले आहेत. एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकाला पळीसारखा कोरलेला खड्डा. खड्डा पाण्याने भरला की ते टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि मुसळ मातीवर आदळतं. याला 'काराउसू' म्हणतात. आजीच्या घरच्या उखळाची आठवण झाली. इथे कांडणारे हात मात्र ओढ्याचे. डोंगरातली ढेकळं अशी तीन-चार आठवडे कांडली जातात. मग ती माती पाण्यात कालवून गाळायची, निवळू द्यायची, वाळवायची. चाकावर जाण्याआधीच महिना उलटतो. माती तयार व्हायला जेवढा वेळ, तेवढीच भांडी. विजेचं यंत्र आणलं तर महिन्याचं काम दिवसांत होईल, पण इथे ते कोणी आणलेलं नाही. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

शेजारच्या कोइशिवारा या कुंभारांच्या गावाहून आलेल्या कुंभाराने 1705 मध्ये इथे काम सुरू केलं. आज नऊ-दहा घरं हे काम करतात, आणि विद्या घरातल्याच मुलाकडे जाते. जपानी लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सू 1931 मध्ये इथे आले आणि त्यांनी लिहिल्यावर बाहेरच्या जगाला ओन्ता कळलं. 1954 मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच इथे राहून काम करून गेले.

एका घरात चाकाजवळ उभं राहायला मिळालं. चाक पायाने फिरत होतं. अर्धवट वाळलेल्या ताटलीवर पांढऱ्या मातीचा पातळ हात दिलेला होता. कुंभारकाकांनी लोखंडाची वाकडी, लवचीक पात तिच्यावर नुसती टेकवली. ताटली फिरली तशी पात थरथरत उड्या मारू लागली आणि प्रत्येक उडीला पांढऱ्यातून खालची तांबूस माती नखाएवढी उघडी पडली. क्षणात केंद्रापासून काठापर्यंत ओळीच ओळी. 'तोबिकान्ना', उड्या मारणारी पात. मी श्वास रोखून बघत होते. ते मात्र पुढची ताटली घ्यायला वळलेही होते.

मग भट्टीकडे गेले. चढावर एकाला एक लागून कप्पे, खालचा पेटला की उष्णता वर चढत जाते. आपला आवा उघड्यावर, गवत-शेणींचा. हा लाकडावर चालणारा आणि बराच जास्त तापणारा, म्हणून झिलई वितळून काचेसारखी बसते.

2017 च्या जुलैमध्ये इथे पूर आला आणि बरेच काराउसू वाहून गेले, मोडले. ओढाच रुसला तर काय करायचं, हा विचार तिथे उभं राहून अंगावर आला. त्यांनी नवे ओंडके तासून पुन्हा ओढ्यावर बसवले.

ताटली घेतली. उलटी करून पाहिली. करणाऱ्याचं नाव नाही. इथे वस्तीचं नाव चालतं, माणसाचं नाही. पुण्यात त्या ताटलीत पोहे खाते. काठाला बोट लागलं की त्या बारीक खाचा जाणवतात.