पाण्याचा ट्रेलर आणि तुळजापूरचा घाट

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रूपाभवानीच्या देवळापासून सुरू झालेला माणसांचा लोंढा घाटाच्या माथ्यापर्यंत तुटत नाही. कर्नाटकातून आलेली माणसंही त्यात मिसळलेली असतात, आणि 'आई राजा उदो उदो'चा गजर रात्रभर चालू राहतो. त्या काळात हा रस्ता वाहनांना बंद करतात. वाटेवर चहा, फराळ, पाणी द्यायचं असेल तर सगळं सामान आधीच नेऊन ठेवावं लागतं. आमच्या मंडळाकडे पाणी असतं. टाकी आणि ट्रेलर मंडळाचा, ओढायला माझी डिझेल पिकअप, आणि शेजारच्या सीटवर वडिलांचे मित्र असलेले काका, ज्यांचं सगळं आयुष्य ट्रकच्या स्टेअरिंगमागे गेलं.

पिकअप दारात उभी असली की येणारा-जाणारा एकच विचारतो, "किती ओढते?" खरं तर विचारायला हवं की किती थांबवते. डिझेल इंजिनाला कमी आरपीएमवर, म्हणजे हळू फिरतानाही, भरपूर टॉर्क (फिरवायचा जोर) असतो, ओढायचं काम ते सहज करतं. तिथंच माणूस फसतो, कारण मागे दोन टन आहेत हे सपाटीवर जाणवतच नाही.

दोन टन कुठून आले? 1,500 लिटर पाणी म्हणजे 1,500 किलो. लोखंडी सांगाडा, टाकी, चाकं, पंप आणि पाइप मिळून आणखी 500. माझ्या गाडीचं स्वतःचं वजनही त्याच घरातलं. म्हणजे गाडी आपल्याएवढीच दुसरी गाडी मागे बांधून घाट चढते आणि उतरते. कंपनीच्या पुस्तिकेत किती ओढायची परवानगी आहे ते आधी वाचायचं, ट्रेलरला स्वतःचा नंबर आणि स्वतःची कागदपत्रं आहेत का ते बघायचं, मग पुढचं बोलायचं. युरोपात ब्रेक नसलेला ट्रेलर 750 किलोच्या वर ओढताच येत नाही. आपल्याकडे मात्र वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेतला, जुनी चाकं बसवली की झाला ट्रेलर. आमच्या ट्रेलरला ब्रेक आहेत. पिकअपनं ब्रेक लावला की मागचा ट्रेलर पुढे ढकलू पाहतो, त्या ढकलण्यानं पुढचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. साधी, लोखंडी युक्ती आहे, पण वेळच्या वेळी तेल-ग्रीस मिळालं नाही तर दांडा जाम होतो आणि मग ट्रेलरला ब्रेक असून नसल्यासारखे.

निघायच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेलो. कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत आमचा पाण्याचा ट्रेलर बघून काटेवालाही हसला. काकांनी आधी ट्रेलर सोडवून एकटाच काट्यावर उभा केला: 2,000 किलो. मग परत जोडला आणि पिकअप काट्याच्या बाहेर ठेवून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली: 1,880. दोन्हींतला फरक 120 किलो, म्हणजे दांड्यावाटे पिकअपच्या पाठीवर येणारा भार. काकांनी मान हलवली. "कमी आहे की रे. उलाळ गाडी आहे ही."

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की धुरा वर उचलली जाते, बैलांचा पाय ठरत नाही. तसंच हे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के वजन दांड्यावर यायला हवं. त्याहून कमी आलं तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. फारच जास्त आलं तर पिकअपचे मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात असूनही गाडी ऐकत नाही. पंप, स्टेपनी आणि नळांची पेटी हे सगळं टाकीच्या मागे बांधलेलं होतं. ते सोडवून पुढे आणून बांधलं, पुन्हा काट्यावर चाकं घेतली: 1,800. आता दांड्यावर बरोबर 200. एवढ्या कामाला तासभर लागला. या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं काम कुठलं म्हणाल तर मी या तासाकडे बोट दाखवेन.

पाण्याची आणखी एक गोष्ट आहे. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाणी हलायला जागा नसते, आणि रिकामी असेल तर प्रश्नच नाही. अर्धी टाकी मात्र वाईट. ब्रेक लावला की सगळं पाणी पुढे आदळतं, गाडी थांबत आली तरी आतलं पाणी थांबत नाही, ते मागे जाऊन पुन्हा पुढे येतं. म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात. आमच्या टाकीत ते आहेत, तरीही काकांचा नियम पक्का: जाताना भरून, येताना सांडून.

पहाटे जोडाजोडी केली. पिकअपच्या मागच्या बॉलवर, म्हणजे जोडायच्या लोखंडी गोळ्यावर, दांड्याचं तोंड बसवून लॉक लावलं, पिन घातली, आणि मग काकांनी दांडा वर उचलायला लावला. गाडीचा मागचा भाग दांड्याबरोबर वर आला तर खरंच बसलं. दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या. समजा जोड सुटलाच, तर दांडा त्या फुलीवर पडतो, डांबरात रुतत नाही. हातब्रेकची तार पिकअपला वेगळी अडकवली. साखळ्याही तुटल्या तर ती तार ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःचा ब्रेक स्वतः लावतो. शेवटी लाइट. एक जण मागे उभा राहून ओरडत होता, "डावा लागला, उजवा लागला, ब्रेक लागला." मागच्या फळीवर रिफ्लेक्टरची नवी पट्टी मंडळाच्या पोरांनी आधीच चिकटवली होती. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात लाइटशिवाय जाताना आपल्या जिल्ह्यात दर हंगामाला दिसतात, त्यांना मागून धडकून किती घरं उघडी पडली. एका पट्टीची किंमत काय असते! हे बघून दरवेळी जीव तुटतो.

तुळजापूर नाका मागे पडला आणि चौपदरी रस्ता लागला. अंतर जेमतेम 45 किलोमीटर. मी डाव्या लेनमध्ये पन्नासच्या आत. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अंतर, आणि ते अंतर पाहून मध्ये घुसणाऱ्याला घुसू द्यायचं, पुन्हा तेवढं अंतर करायचं. उळ्याच्या पुढे एक ट्रॅव्हल्स वेगात उजवीकडून गेली. मोठी गाडी बाजूनं जाताना आधी हवेचा दाब ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग गाडी पुढे गेली की आत ओढतो. आरशात ट्रेलर किंचित डोलला. काका शांतपणे म्हणाले, "ब्रेकला हात नको, स्टेअरिंग सरळ. पाय उचल फक्त." पाय उचलला, डोलणं तिथल्या तिथं थांबलं. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारला किंवा डोलण्याच्या उलट स्टेअरिंग फिरवत बसलं तर ते वाढतच जातं.

तामलवाडीचा टोलनाका ओलांडून बाजूला थांबलो. सगळ्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, काका मात्र आधी ट्रेलरपाशी गेले. हाताची पालथी बाजू एकेका चाकाच्या हबजवळ नेली. दोन्हीकडं सारखंच कोमट. एक बाजू दुसरीपेक्षा तापलेली लागली तर बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक चिकटलाय. त्यांनी साखळ्या आणि पिनही हलवून पाहिली. मग भाकरीला बसले.

माळुंब्र्याच्या पुढे बालाघाटाची कड समोर येते. सह्याद्रीतल्या घाटांच्या मानानं हा घाट लहान, पण दोन टन मागे असले की लहान काही राहत नाही. चढ लागायच्या आधीच गिअर खाली घेतला. एसी बंद, नजर तापमानाच्या काट्यावर. वळणावर पिकअप नेहमीपेक्षा बाहेरून घ्यावी लागते, कारण ट्रेलरची चाकं आतून कापत येतात. रस्त्याच्या आतल्या कडेनं पुढे निघालेली काही मंडळी चालत होती, म्हणून प्रत्येक वळणाआधी हॉर्न आणि डावा आरसा. माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. तापलेल्या टर्बोला, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंख्याला, दोन मिनिटं तेल फिरू द्यायचं.

जागेवर ट्रेलर उलटा लावायचा होता. रिव्हर्सला ट्रेलरच्या ब्रेकचा खटका आधी अडकवावा लागतो, नाहीतर मागे ढकललं की ब्रेकच लागतात. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा. हात ज्या बाजूला नेऊ, त्या बाजूला ट्रेलर जातो. दांडा आखूड असला की तो फार पटकन दुमडतो, म्हणून इंचाइंचानं, आणि वाकडा झाला की पुढे घेऊन सरळ करायचा. चाकांना लाकडी ठोकळे लावूनच दांडा सोडवला. घाटात चाकाला दगड लावणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, निघताना तो उचलून कडेला टाका. अंधारात मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही.

कोजागरीची रात्र आणि पाण्याच्या नळाखालच्या त्या हजारो ओंजळी यांवर वेगळं लिहीन.

रस्ता खुला झाल्यावर परत निघालो तेव्हा टाकीत निम्म्याच्या आसपास पाणी होतं. पोरं म्हणाली, घाटाखाली एखाद्या वस्तीवर देऊ. काकांनी ऐकलं नाही. शेजारच्या अन्नछत्राची भली मोठी पातेली घासायची होती, तिथंच पाइप लावला आणि टाकी रिकामी होईपर्यंत हलले नाहीत.

रिकामा असला तरी उतारावर ट्रेलर ढकलतोच. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे नुसता पाय उचलून ते फारसं आवरत नाही, गिअर खालचाच हवा. "ज्या गिअरनं चढला त्याच गिअरनं उतर," काका म्हणाले. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर टाकला, कारण वेग धरल्यावर खालचा गिअर पडता पडत नाही. वेग वाढला की ब्रेक एकदा नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा. सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्याचे लायनर तापतात, मग पायाखालचा पेडल नरम पडतो आणि ऐन वळणावर गाडी थांबत नाही. आमच्या शेजारून एक टेम्पो इंजिन बंद करून सुसाट गेला. डिझेल वाचवायचं म्हणून! इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर देणारं व्हॅक्यूम संपलं, स्टेअरिंग जड झालं, आणि हे सगळं चालत्या माणसांच्या गर्दीतून. काका कितीतरी वेळ त्या दिशेनं बघत राहिले.

पायथ्याला थांबलो तेव्हा ट्रेलरच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम गरम लागत होते. आमच्यातल्या एकानं बाटली उघडून त्यावर पाणी ओतायला घेतली. काकांनी त्याचा हात धरला. "ओतू नको बे, तडा जाईल." तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो चिरतो. वीस मिनिटं सावलीत बसलो, तोवर ते आपोआप निवले.

पुढच्या कोजागरीला तुम्ही चालत निघालात तर एवढं करा: दोन गाड्यांमधल्या दांड्यावरून ओलांडू नका, आणि लहान पोरांनाही ओलांडू देऊ नका. गाडी उभी दिसली तरी चालकाला तिथलं काही दिसत नसतं, आणि पिकअप हातभर हलली तरी त्या साखळ्यांत पाय अडकतो. ट्रेलरच्या मागून वळसा घाला. आमचा ट्रेलर माथ्यावर, रस्त्याच्या डाव्या अंगाला असेल, आणि नळ मागच्याच बाजूला आहेत.