पीळ

आमच्या सूतकताई-विणकाम गटाची बैठक महिन्यातून एका रविवारी कोथरूडमध्ये एका सदस्याच्या घरी भरते. तिला बैठक म्हणण्यापेक्षा पसारा म्हणणे अधिक योग्य होईल, कारण सतरंजीवर पेटी चरखे, टकळ्या, पेळूंची (पिंजलेल्या कापसाच्या वळ्यांची) पुडकी आणि स्वयंपाकघरातून उचलून आणलेला वजनकाटा असे सगळे एकदम मांडले जाते, आणि महिनाभरात ज्याने जे केले असेल ते हातोहात फिरते. गेल्या बैठकीत मात्र फिरले ते एकच कापड, आणि ते अकरा जणांच्या सुताचे होते.

टेबलावर मावणाऱ्या मागावर गिरणीच्या दुपदरी सुताचा १८ इंच रुंद ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायचा आणि बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यांसाठी, प्रत्येकाचे सूत चार-चार इंच वापरायचे, असे आम्ही ठरवले होते. ताण्याला सतत ओढ सोसावी लागते आणि फणीच्या प्रत्येक ठोक्याला घासून घ्यावे लागते, त्यामुळे नवशिक्यांच्या सुतावर तो भार टाकण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. बाण्याला तितका जाच नसतो. चार इंचांच्या पट्ट्याला साधारण ४० मीटर सूत पुरते, म्हणजे नुकताच चरखा हाती धरलेल्या माणसालाही ते जमण्यासारखे होते.

ज्यांची गुंडी, म्हणजे सुताची लड, पूर्ण झाली होती, त्यांच्या गुंड्या आधी काट्यावर ठेवल्या. खादीच्या आजच्या हिशेबात गुंडी म्हणजे १००० मीटर. तेवढ्या लांबीचे वजन जितके कमी, तितके सूत बारीक. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ आजींची गुंडी २० ग्रॅम भरली आणि माझी ४५. आजी शाळेत टकळी शिकल्या, कारण त्यांच्या काळी अनेक शाळांत सूतकताई हा मूलोद्योग होता. त्या अजूनही टीव्ही पाहता पाहता सूत काढतात आणि धागा तुटला की हाताकडे न पाहता जोडतात. आम्ही बाकीचे पेटी चरख्यावर शिकलो. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना या चरख्यावर बरीच खटपट केली, म्हणून त्याला ‘येरवडा चक्र’ असेही नाव पडले. आपल्याच गावच्या नावाचा चरखा आपल्याला धड चालवता येऊ नये, याची पहिल्या वर्षी मला मनापासून लाज वाटत असे.

विणलेले कापड उलगडले तेव्हा कोणता पट्टा कोणाचा, हे विचारावे लागले नाही. जानव्याचे सूत काढणाऱ्या काकांचा पट्टा कडक आणि एकसारखा होता. चार बोटांभोवती ९६ वेढे मोजून घेणाऱ्या माणसाला मधेच जाड, मधेच बारीक असा धागा खपतच नाही. एका ताईंनी आपले सूत आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुडवले होते, त्यामुळे त्यांच्या पट्ट्यावर पावसाळी आभाळासारखी करडी छटा उतरली होती. या ताईंचे एक निरीक्षण मला फार आवडते: आपल्याकडे वाती वळताना बोटांना राख किंवा दूध लावतात, ते धागा नीट धरला जावा म्हणून, म्हणजे चरख्याला कधी हात न लावलेल्या घरांतही कताई रोज देवापुढे चालूच होती. फक्त एका पट्ट्यात कापूस नव्हता. ज्यांचे आजोळ माण तालुक्यात आहे, त्यांनी तिथल्या धनगरांकडून दख्खनी मेंढीची काळी लोकर आणून चातीवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या काडीवर, कातली होती. ती इतकी राठ होती, की घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ कशासाठी देतात ते हात लावताक्षणी कळले: खळीशिवाय तिचे केस एकमेकांत गुंतून माग अडवतात.

मग कापड धुतले, आणि माझा पट्टा आक्रसला. शेजारचे पट्टे सपाट राहिले, माझ्या चार इंचांत मात्र बारीक सुरकुत्या उठल्या, कडा आत ओढल्या गेल्या आणि सरळ कापडाला मधेच कंबर आल्यासारखी दिसू लागली. धागा तुटेल या भीतीने मी चाक गरजेपेक्षा जास्त फिरवत राहते. पेटी चरख्यात मोठ्या चाकाची गती छोट्या चाकाला आणि तिथून चातीला मिळत असल्याने हाताची थोडीशी अतिसावधगिरीही सुतात कितीतरी जादा वेढे भरते. ताणाखाली असेपर्यंत तो पीळ दिसत नाही. पाणी लागले की धागा उलगडू पाहतो, बाजूचे धागे त्याला जागा देत नाहीत, आणि कापड सुरकुतते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुंभाचे काही असो, माझ्या सुताचा पीळ मात्र नुसत्या पाण्याने चाळवला.

आजींनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाल्या, “अगं, तुटलं तर जोडता येतं. इतकं आवळून कशाला धरतेस?” मग त्यांनी माझ्या चातीवरचा हातभर धागा सोडवून त्याची दोन टोके जवळ आणली. धागा स्वतःभोवतीच गर्रकन वेटाळला. त्यांचा तसाच सैल सोडला, तर त्याने अर्धा-एक आळस दिल्यासारखा वेढा घेतला आणि तो लोंबत राहिला.

यात माझा आणखी एक आळस होता, तो मी बैठकीत कबूल केला. फाळक्यावरून (सूत गुंडाळायच्या चौकटीवरून) उतरवलेली गुंडी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि खाली वजन टांगून वाळवायची, म्हणजे पीळ बसतो, हे मला माहीत होते. मी सूत चातीवरून थेट कांडीवर, म्हणजे बाणा विणायच्या नळीवर, भरले होते. उकळल्यावर कापसावरचे मेण सुटते आणि पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस होते. घरी हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा सासूबाईंनी खरोखरच पातेल्यात चहा पत्ती पडली का, असे विचारले होते.

सध्या नवी गुंडी बाल्कनीतल्या दांडीवर वाळते आहे आणि तिला खाली पाण्याची दोन लिटरची बाटली टांगली आहे. आजींच्या हातचा पट्टा अजून मागावर चढायचा आहे. त्यांच्या शेजारी कोणाचे सूत विणायचे, हे पुढच्या बैठकीत ठरेल.